वेग ज्याच्या हाती, जबाबदारीही त्याचीच

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मोबाईलवर फिरणाऱ्या अफवांमुळे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच माणसांना ठार मारले. ही माणसे भिक्षा मागत गावोगाव फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, म्हणजे गावाचा कारभार जिथे चालतो त्याच जागी, त्यांना कोंडून मारले गेले. तेव्हापासून आपल्याकडे जी चर्चा सुरू झाली, तिचे आजही दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, मोबाईल हे केवळ साधन आहे, दोष वापरणाऱ्याचा, तेव्हा लोकांना शहाणे करा. दुसरा म्हणतो, ही माध्यमेच आगलावी आहेत, तेव्हा तणाव दिसला की इंटरनेट बंद करा. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये साताऱ्याच्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून हिंसाचार झाला, तेव्हाही हेच दोन सूर लागले आणि इंटरनेट बंद झाले.

वरवर पाहता या बाजू एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पण एका गृहीतकावर त्यांचे एकमत आहे, आणि मला ते गृहीतकच अमान्य आहे. संदेश किती लोकांपर्यंत, किती वेळात आणि किती सहजतेने पोहोचावा ही गोष्ट जणू निसर्गनियमाने ठरली आहे, असे दोघेही धरून चालतात. प्रत्यक्षात तो एक निर्णय असतो. कोणीतरी कार्यालयात बसून तो घेतलेला असतो, धंद्याच्या हिशेबाने घेतलेला असतो आणि तो बदलताही येतो. म्हणून तंत्रज्ञानाच्या जबाबदार वापराची चर्चा फोन हातात धरणाऱ्यापासून सुरू करणे मला उलटे वाटते. वेगावर ज्याचा जितका ताबा, तितके उत्तर त्याच्याकडे आधी मागितले पाहिजे: प्रथम माध्यम बांधणाऱ्या कंपनीकडे, मग शासनाकडे आणि शेवटी वापरणाऱ्याकडे.

याचे सर्वांत मोठे कारण खुद्द राईनपाड्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९४ च्या मानव विकास अहवालात ‘मानवी सुरक्षा’ ही कल्पना मांडली. त्यामागे महबूब उल हक हे अर्थतज्ज्ञ होते. सुरक्षा म्हणजे केवळ राष्ट्राच्या सीमांची राखण नव्हे, तर सामान्य माणसाला भयापासून आणि अभावापासून मिळालेली मुक्ती, असा त्या मांडणीचा गाभा होता. या कसोटीवर पाहिले तर ‘विचार करून फॉरवर्ड करा’ हा उपदेश कोणाच्या कामाचा आहे? मारल्या गेलेल्या भिक्षेकऱ्यांनी स्वतःचा फोन कितीही जबाबदारीने वापरला असता, तरी ते वाचले नसते. त्यांच्या जिवाचा निकाल इतरांच्या फोनवर आलेल्या संदेशांनी लागला. ज्याची सुरक्षा धोक्यात असते तो बहुधा त्या माध्यमाचा ग्राहकच नसतो, किंवा असला तरी त्या क्षणी त्याच्या शहाणपणाला काहीच किंमत उरत नाही. ‘जबाबदार वापर’ या शब्दांत वापरणारा आहे. ज्याला त्या वापराची किंमत मोजावी लागते तो मात्र कुठेच नाही.

पहिल्या बाजूचे म्हणणे तरीही हलके नाही. अफवा मोबाईलने जन्माला घातलेली नाही. १८९६ मध्ये प्लेगच्या साथीत, रुग्णालयात माणसे मारली जातात या वदंतेवरून मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता, तेव्हा तारायंत्र सरकारच्या हाती होते आणि अफवा पायी फिरत होती. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर पसरली, तीही साध्या टेलिफोनवरून आणि तोंडोतोंडी. शिवाय फिरत्या जमातींविषयीचा संशय या समाजात खोल मुरलेला आहे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायद्याने पुसला गेला, पण गावकुसाबाहेर उतरलेल्या पालांकडे पाहण्याची नजर काही कायद्याने बदलली नाही. तेव्हा राईनपाड्याचे खापर एकट्या व्हॉट्सॲपवर फोडणे म्हणजे आपल्याच समाजाला सवलत देणे होईल. हे मी पूर्णपणे मान्य करतो.

पण मग १८९६ आणि २०१८ यांत काहीच फरक नाही का? पायी येणाऱ्या अफवेला सांगणारा असतो. त्याला गाव ओळखते, त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवता येते, उद्या तो खोटा ठरला तर त्याला जाबही विचारता येतो. २०१८ च्या त्या महिन्यांत देशभर फिरलेल्या चित्रफितींतली एक पाहा. दुचाकीवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांतले एक उचलतात आणि पसार होतात. ती मूळची कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जनजागृतीसाठी बनवलेली. मूळ फितीत मूल परत आणून सोडले जाते आणि मुलांना जपा अशा अर्थाचा फलक दिसतो. कोणीतरी तो शेवट कापला. उरलेला तुकडा डोळ्यांना खराच दिसत होता, त्यावर गावाचे नाव नव्हते, सांगणारा नव्हता, आणि तो दहा ओळखीच्या माणसांकडून दहा वेळा आला की दहा साक्षीदारांनी सांगितल्यासारखा वाटत होता. माणूस पूर्वीइतकाच भाबडा असेल, पण अफवा तपासण्याची जी जुनी साधने त्याच्याजवळ होती, ती या रचनेने काढून घेतली. साधन तटस्थ असते असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे.

आणि रचना बदलता येते हेही त्याच महिन्यात सिद्ध झाले. राईनपाड्यानंतर दोनच दिवसांत केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सॲपला तंबी दिली. जुलै संपण्याआधी कंपनीने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, अनेक हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले आणि अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने स्वतःच सांगितले. यासाठी संसदेला कायदा करावा लागला नाही, कोणाचे खासगी संभाषण उघडावे लागले नाही, कोणाचे इंटरनेट तोडावे लागले नाही. जो बदल काही आठवड्यांत करता आला, तो माणसे मरण्याआधी का झाला नाही? त्याचे उत्तर तंत्रज्ञानात नाही. तसे विचारणारे कोणी नव्हते आणि न केल्याची किंमत कंपनीला मोजावी लागत नव्हती, एवढेच ते आहे. पुढे २०२२ मध्ये त्याच कंपनीने एका गटातल्या सदस्यांची मर्यादा १,०२४ पर्यंत वाढवली, तेव्हाही या देशात कोणत्याही सार्वजनिक संस्थेने त्याच्या परिणामांचा हिशेब मागितल्याचे दिसले नाही.

वेगाचा दुसरा चेहराही आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात आणि एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन, खाट, नाव, दोर यांची गरज याच माध्यमातून योग्य माणसापर्यंत पोहोचली. वेग कमी करा म्हणणाऱ्याने हे विसरू नये. मात्र तिथे उपयोगी पडला तो पत्ता, फोन क्रमांक आणि वेळ असलेला, ठराविक माणसाला उद्देशून पाठवलेला निरोप. शेकडो हातांतून फिरलेल्या निरोपांत तर तेव्हा आधीच भरलेल्या खाटांचे आणि बंद पडलेल्या क्रमांकांचे रान माजले होते. साखळीने फिरणाऱ्या संदेशाला लगाम घातल्याने मदतीचा निरोप अडत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे. रात्री अकरा वाजता चौकात दोन जमाव समोरासमोर आलेत, हाताशी तीस शिपाई आहेत, आणि प्रत्येक मिनिटाला नवी चित्रफीत येऊन पडते आहे, अशा वेळी पोलीस अधीक्षकाने काय करावे? काही तासांची शांतता मिळाली तर कदाचित एखादा जीव वाचेल. त्या अधिकाऱ्याला मी घरात बसून दोष देणार नाही. पण काही तासांसाठी समर्थनीय असलेला उपाय राज्यकारभाराची सवय बनला की काय होते, हे मणिपूरने दाखवले. तिथे ३ मे २०२३ रोजी हिंसाचार उसळला आणि इंटरनेट बंद झाले. ४ मे रोजी जमावाने स्त्रियांची विवस्त्र धिंड काढली. मे महिन्यातच पोलिसांकडे गुन्हा नोंदवला गेला होता, तरी दोन महिने कोणाला अटक झाली नाही. १९ जुलैला त्या घटनेची चित्रफीत बाहेर आली, दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पहिली अटकही तेव्हाच झाली. इंटरनेट बंद करून कोणाचे संरक्षण झाले? त्या स्त्रियांचे तर नक्कीच नाही. अंधार करताना फक्त अफवा झाकली जात नाही, अत्याचारही झाकला जातो, आणि त्यातली अफवा तोंडोतोंडी वाट काढते. यान रिद्झाक या संशोधकाने भारतातल्या इंटरनेटबंदीचा जो अभ्यास २०१९ मध्ये मांडला, त्याचा निष्कर्षही असाच होता की बंदीच्या काळात शांततापूर्ण निदर्शने विस्कटतात आणि हिंसक जमावाला मात्र संघटनेची तितकी गरज नसल्यामुळे हिंसाचार वाढतो.

शिवाय ही बंदी सर्वांना सारखी भोवत नाही. ज्याच्या घरी सहा महिन्यांची बेगमी आहे त्याचे काही अडत नाही. ज्याला रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा लावल्याशिवाय धान्य मिळत नाही, ज्या भाजीवाल्या मावशींचे निम्मे गिऱ्हाईक पैसे मोबाईलवरून देते, ज्या मुलीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची उद्या शेवटची तारीख आहे, त्यांच्यासाठी ती अभावाची शिक्षा ठरते. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये तोडलेली वेगवान मोबाईल सेवा पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. मध्यंतरी, १० जानेवारी २०२० रोजी, अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की अनिश्चित काळाची बंदी बेकायदा आहे, आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि त्यांचा नियमित फेरविचार झाला पाहिजे. आपल्या जिल्ह्यातल्या बंदीचा आदेश आणि तिचा फेरविचार करणाऱ्या समितीचा अभिप्राय वाचलेला नागरिक महाराष्ट्रात शोधून पाहावा.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा उपाय सुचवला जातो आणि तो सरकारने २०२१ च्या नियमांत घातलाही आहे: संदेश सर्वप्रथम कोणी पाठवला ते कंपनीने शोधून द्यावे. ऐकताना तो न्याय्य वाटतो. पण कराचीच्या फितीला तो लावून पाहा. तिचा पहिला निर्माता म्हणजे मुलांच्या रक्षणासाठी झटणारी संस्था. नियम म्हणतो की उगम परदेशात असेल तर भारतातला पहिला पाठवणारा धरावा. तो कोण असेल? कदाचित शेवट कापणारा भामटा, पण तितक्याच शक्यतेने धास्तावलेली एखादी आई. आणि या एका माणसाच्या शोधासाठी सर्वांच्या खासगी संभाषणाचे कुलूप सैल करायचे, तर त्याची झळ सर्वांत आधी पोहोचेल ती घरातल्या अत्याचाराची तक्रार करणाऱ्या स्त्रीला आणि भ्रष्टाचार उघड करणाऱ्या कारकुनाला. वेग ज्याने ठरवला त्याला मोकळे सोडून, वेगात सापडलेल्याला पकडण्याचा हा मार्ग आहे.

कंपन्यांकडे बोट दाखवणे ही अतिशयोक्ती वाटत असेल तर म्यानमारकडे पाहावे लागेल. तिथे साधारण २०१४ पासून स्वस्त सिमकार्डांमुळे कोट्यवधी लोक एकाएकी इंटरनेटवर आले, आणि त्यांच्यासाठी इंटरनेट म्हणजेच फेसबुक होते. त्याच वर्षी मंडाले शहरात बलात्काराची एक खोटी तक्रार फेसबुकवरून पसरली, दंगल झाली आणि दोन माणसे मेली. इशारा मिळालेला होता. तरीही २०१५ च्या सुरुवातीला आक्षेपार्ह मजकूर तपासणारे, बर्मी भाषा जाणणारे फेसबुककडे अवघे दोघे होते, असे रॉयटर्सने २०१८ मध्ये उघड केले. ऑगस्ट २०१७ नंतर लष्कराच्या अत्याचारांमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुस्लीम जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाले. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने द्वेष पसरण्यातला फेसबुकचा वाटा नोंदवला, आणि आपण पुरेसे केले नाही हे कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्य केले.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. रवांडात १९९४ मध्ये आरटीएलएम या रेडिओ केंद्राने तुत्सी समाजाच्या हत्येला उघड चिथावणी दिली, आणि २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या केंद्राच्या संस्थापकांना दोषी ठरवले, कारण तिथे हेतू होता. फेसबुकचा असा हेतू नव्हता. म्यानमारमध्ये द्वेष पसरवणारे लष्कर होते, कंपनी नव्हे. हे खरे आहे आणि म्हणूनच मी दोघांना एका तराजूत घालत नाही. पण हेतू नसणे म्हणजे जबाबदारी नसणे असे आपण इतरत्र कुठे मानतो? १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायू सोडण्याचा कोणाचा हेतू नव्हता. घातक वस्तू मोठ्या प्रमाणावर हाताळणाऱ्याने धोका आधी ओळखावा, त्याचा बंदोबस्त करावा आणि तपासणीस दार उघडे ठेवावे, ही अपेक्षा हेतूवर अवलंबून नसते.

रसायनशास्त्राचा इतिहास इथे मला फार बोलका वाटतो. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची वाट फ्रिट्झ हाबरने दाखवली, ज्यावर आजची रासायनिक खते आणि पर्यायाने जगाचे अन्न उभे आहे. त्याच हाबरच्या देखरेखीखाली एप्रिल १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन हा विषारी वायू सोडला गेला. जगाने यावर रसायनशास्त्र बंद केले नाही, आणि रसायनतज्ज्ञांना नीतीचे धडे देऊनही ते थांबले नाही. दीर्घ काळ चुका केल्यानंतर १९९७ मध्ये अमलात आलेल्या रासायनिक अस्त्रबंदी कराराने, दुहेरी वापराची रसायने बनवणाऱ्या कारखान्यांनी आपले उत्पादन जाहीर करावे आणि निरीक्षकांना आत येऊ द्यावे, अशी व्यवस्था उभी केली. भारताने आपला साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो नष्टही केला. कराराचे उल्लंघन झालेच नाही असे नाही. पण उल्लंघन ओळखण्याची रीत तयार झाली. समाजमाध्यमांच्या बाबतीत आपण अजून उपदेशाच्या पायरीवरच उभे आहोत.

मी रचनेवर इतका भर देतो म्हणजे तेवढ्याने भागेल असे मात्र नाही. एप्रिल २०२० मध्ये, फॉरवर्डवरची मर्यादा आणखी कडक झाली त्याच महिन्यात, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे चोर फिरत असल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक पोलिसांच्या देखत मारले गेले. वेगाला लगाम घालूनही तिथे जीव वाचले नाहीत, आणि नंतर त्या घटनेला धार्मिक रंग देणारी दुसरी अफवा शहरांतून उठली, ती वेगळीच. उलट राईनपाड्याच्या त्याच दिवशी, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात याच संशयावरून जमावाने पाच जणांना घेरले होते. त्यांत दोन वर्षांचे मूल होते. जमावाने पोलिसांचे वाहनही सोडले नाही, तरी ते पाचही जण वाचले. फोन तेच, अफवा तीच, दिवसही तोच. फरक पडला तो माणसे वेळेवर मध्ये उभी राहिल्यामुळे.

अशी माणसे योगायोगाने मिळत नाहीत, त्यांची व्यवस्था करावी लागते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या भिवंडीत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. त्यांत केवळ पुढारी नव्हते. यंत्रमागावरची, दुकानांतली साधी माणसे दोन्ही समाजांतून घेतलेली होती आणि पोलीस त्यांच्यात नियमित बसत होते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तेव्हाही अफवा आल्याच असतील. पण ‘हे खरे का?’ असे ज्याला विचारता येईल तो माणूस प्रत्येक मोहल्ल्यात ठरलेला आणि ओळखीचा होता. १७ जुलै २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची नेमणूक करण्याचे निर्देश दिले. आपल्या जिल्ह्यातला तो अधिकारी कोण, हे किती सरपंचांना, किती पोलीस पाटलांना ठाऊक आहे? शासनाच्या वाट्याची जबाबदारी इथे आहे. तणावाच्या रात्री बटण दाबण्यापेक्षा ती कितीतरी कष्टाची आहे, आणि तणाव नसतानाच्या वर्षांत पार पाडायची आहे.

कंपन्यांच्या वाट्याच्या जबाबदारीची सुरुवात एका साध्या मागणीने करता येईल. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या माध्यमांवर समाजाला असलेल्या धोक्यांचे दरवर्षी मूल्यमापन करण्याचे आणि बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून ते तपासून घेण्याचे बंधन घातले आहे. संघाच्या प्रत्येक अधिकृत भाषेत मजकूर तपासणारी किती माणसे नेमली आहेत, तेही त्यांना जाहीर करावे लागते. जेमतेम साडेपाच लाख वस्तीच्या माल्टाची माल्टीज भाषाही त्या हिशेबात येते. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीबद्दल असा आकडा देण्याचे कोणतेही बंधन भारतीय नियमांत नाही. कंपन्या दरमहा जे अहवाल प्रसिद्ध करतात त्यांत किती तक्रारी आल्या आणि किती मजकूर काढला एवढे असते. तो कोणत्या भाषेतला होता आणि तो वाचणाऱ्याला ती भाषा येत होती का, हे नसते. मग साक्रीच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या अहिराणीचे आणि भिलीचे काय? म्यानमारमध्ये बर्मी जाणणारे दोघेच होते हे आपल्याला वर्षांनंतर, एका वृत्तसंस्थेच्या शोधामुळे कळले. मराठी जाणणारे किती आहेत हे विचारायला तशी वेळ येण्याची वाट पाहण्याचे काही कारण नाही. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात कोणत्याही पक्षाच्या आमदाराला तो प्रश्न मांडता येईल आणि केंद्राकडे तशा नियमाचा आग्रह धरणारा ठराव मंजूर करून घेता येईल.